फायरवॉल चालू ठेवून रिमोट डेस्कटॉप चालेल का? पीसी देवगडला, मी कणकवलीत

कणकवली_हिशोब

नमस्कार मंडळी, जरा गोंधळ झालाय, कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. मी कणकवलीत राहून छोट्या युनिट्सचे अकाउंट्स बघते. त्यातलं एक युनिट देवगडला, हापूसच्या पल्पचं कॅनिंग आणि सोबत थोडा काजू. तिथल्या ऑफिसात एक पीसी आहे, विंडोज ११ प्रो, त्यावर टॅली आणि नेटबँकिंग पण त्यावरच. सीझनमध्ये बागायतदारांची पेमेंटं, डब्यांची खरेदी, ट्रान्सपोर्टची बिलं सगळं एकदम अंगावर येतं आणि ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) जायलाच लागतो, दरवेळी नांदगाव तिठ्यावरून गाडी वळवून देवगडला जाणं मला जमत नाही म्हणून रिमोट डेस्कटॉप वापरते (इथे बसून तिथला पीसी चालवता येतो), विंडोजचं स्वतःचं जे येतं ते.

आधी तिथे फायबर होतं तेव्हा कणकवलीतून व्यवस्थित लागायचं. वाऱ्यात झाड पडून केबल तुटली ती अजून कोणी जोडलेली नाही, म्हणून काकांनी (मालक) सिमकार्डवाला राउटर आणला. इंटरनेट चालतंय पण तेव्हापासून रिमोट डेस्कटॉप बंद. मी स्वतः लॅपटॉप घेऊन युनिटवर गेले, त्याच वायफायवर बसून ट्राय केलं तरी लागेना, पिंग (पीसी उत्तर देतो का ते बघायची कमांड) पण जाईना. मग सीसीटीव्ही बसवणारा टेक्निशियन आला त्याने पीसीचा फायरवॉल (बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो तो) पूर्ण ऑफ केला आणि लगेच लागलं. पण ते फक्त तिथे बसून, घरी आल्यावर परत नाही. त्याचं म्हणणं फायरवॉल असाच बंद ठेवा, मी सिम राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं कनेक्शन थेट पीसीकडे पाठवायची सेटिंग) करून देतो म्हणजे घरून पण लागेल, पूर्वी पण तसंच केलेलं होतं.

काका म्हणतात काय करायचं ते करा पण चालू करा. मला मात्र बँकेचं काम होतं त्या पीसीचा फायरवॉल बंद ठेवायला मन घेत नाही. फायरवॉल बंद केल्यावरच का लागतं, आणि कणकवलीतून तरी का लागत नाही? दोन्हीचं कारण एकच आहे का?

रत्नागिरी_नेटवर्क

ताई पहिलं काम म्हणजे फायरवॉल परत चालू करा, मग बाकीचं वाचा. तुमच्याकडे दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि ते एकाच दिवशी आले म्हणून एकच वाटतायत.

पहिला. राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवीन नेटवर्क असतं. नवीन नेटवर्कला विंडोज ११ आपणहून पब्लिक धरतं, म्हणजे एसटी स्टँडवरचं किंवा हॉटेलचं वायफाय असल्यासारखं वागतं, कोणालाही आत येऊ देत नाही. तुमचं जुनं फायबरचं नेटवर्क कोणीतरी प्रायव्हेट करून ठेवलेलं असणार. फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपला परवानगी आहे पण ती कुठल्या प्रोफाइलला आहे ते बघायला लागतं, कंट्रोल पॅनलमध्ये विंडोज डिफेंडर फायरवॉल उघडा, डाव्या बाजूला अलाउ अ‍ॅन अ‍ॅप असं आहे तिथे जा, यादीत रिमोट डेस्कटॉप शोधा, त्याच्या समोर प्रायव्हेट आणि पब्लिक असे दोन चौकोन दिसतील. माझा अंदाज फक्त प्रायव्हेटला टिक असेल. तसं असेल तर पब्लिकला टिक करू नका, उलट सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट मध्ये जाऊन त्या वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा आणि नेटवर्कचा प्रकार प्रायव्हेट करा. युनिटचं स्वतःचं वायफाय आहे, पासवर्ड बाहेरच्यांना दिलेला नाही, तर ते प्रायव्हेट असायला हरकत नाही. पासवर्ड सगळ्या ड्रायव्हर लोकांना वाटलेला असेल तर आधी तो बदला.

आणि पिंगवर जाऊ नका. विंडोजचा फायरवॉल पिंगला बऱ्याचदा उत्तरच देत नाही, त्यामुळे पिंग गेला नाही म्हणजे पीसी दिसत नाही असं नसतं. तपासायचंच असेल तर लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड द्या, पुढे पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा). शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर रस्ता मोकळा, फॉल्स आलं तर अजून कुठेतरी अडतंय. आयपी पण नवीन बघून घ्या, राउटर बदलला की तो बऱ्याचदा बदलतो, जुना शॉर्टकट जुन्याच आयपीला जात असेल.

दुसरा प्रॉब्लेम कणकवलीतून न लागण्याचा. त्याचा पीसीच्या फायरवॉलशी काही संबंध नाही. सिमच्या इंटरनेटवर बहुतेक वेळा तुमच्या राउटरला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही, कंपनी एका पब्लिक आयपीच्या मागे शेकडो ग्राहक ठेवते, त्याला सीजीनॅट म्हणतात. सगळ्या वाडीची पत्रं एकाच पत्त्यावर येतात आणि कुठलं पत्र कोणाच्या घरचं ते पोस्टमनला माहीतच नाही, तसं काहीसं. तुम्ही आतून बाहेर काही मागवलं तर उत्तर बरोबर तुमच्याकडे येतं कारण कंपनीच्या यंत्राने नोंद ठेवलेली असते, पण बाहेरून कोणी आपणहून यायला बघितलं तर नोंदच नसते त्यामुळे तिथेच संपतं. खात्री करायची तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता) बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर सीजीनॅट, हा पट्टा २०१२ साली खास ह्याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. काही कंपन्या १० ने सुरू होणारा पण देतात. माझा आयपी काय असं दाखवणाऱ्या साइटवर वेगळाच नंबर दिसला की समजायचं. अशा ठिकाणी राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केलं तरी काही होत नाही, तो टेक्निशियन करून देईल, पैसे घेईल, आणि लागणार नाही.

घरून लागण्यासाठी काय करायचं ते वॅन आयपी कळल्यावर लिहितो.

चिपळूणचा_पक्या

आमच्या दुकानात फायरवॉल कधीपासून बंदच आहे, अँटिव्हायरस आहे तेवढं पुरतं. आणि बाहेरून लावायचं असेल तर फायबर परत घ्या, पोर्ट फॉरवर्ड करा, फक्त ३३८९ ठेवू नका, ३३९० किंवा कायतरी वेगळा नंबर द्या म्हणजे कोणाला सापडणार नाही. आम्ही तसंच वापरतो, त्रास नाही.

रत्नागिरी_नेटवर्क

पक्याभाऊ हे मनापासून सांगतो, रागावू नका, आजच्या आज तो पोर्ट बंद करा. नंबर बदलून लपत नाही. इंटरनेटवर रात्रंदिवस प्रोग्राम फिरत असतात जे प्रत्येक आयपीचे सगळे पोर्ट ठोठावून बघतात, समोरून आरडीपीचं (म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं) उत्तर आलं की पोर्टचा नंबर काही का असेना त्यांना ओळखू येतं आणि मग पासवर्ड लावून बघायला सुरुवात होते. तुमच्याच पीसीवर बघा ना, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज मध्ये सिक्युरिटी, तिथे ४६२५ नंबरच्या नोंदी फिल्टर करा. ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं. त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, यूजर, टॅली असली नावं आणि परदेशातले आयपी ओळीने दिसले तर ते आपल्या दुकानातले कोण नाहीत.

गणपतीपुळ्याच्या बाजूला एका लॉजचा पीसी मी बघितलाय, असाच पोर्ट उघडा होता, पासवर्ड लॉजचं नाव आणि पुढे १२३. सकाळी येऊन बघतायत तर सगळ्या फाइली लॉक, बुकिंगचं रजिस्टर, बिलं, पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्स स्कॅन करून ठेवलेल्या त्या पण, आणि स्क्रीनवर पैशांची मागणी. बॅकअपची हार्डडिस्क त्याच पीसीला कायम लावून ठेवलेली त्यामुळे ती पण गेली. अँटिव्हायरस होता की तिथे! पण जो माणूस तुमच्या पासवर्डने आत शिरतो तो आधी अँटिव्हायरसच बंद करतो, त्याला सगळे अधिकार असतात ना.

तुमच्या दुकानात विंडोज कुठलं आहे ते पण सांगा. ७ असेल तर जास्तच घाई करा. २०१९ च्या मे मध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलेलं आरडीपीत, त्यात पासवर्डची पण गरज नव्हती, नुसतं पोर्टपर्यंत पोचलं की झालं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा एक्सपीसाठी सुद्धा पॅच काढला, जे ते क्वचितच करतात, यावरून समजा किती गंभीर होतं. आणि ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला.

चिपळूणचा_पक्या

विंडोज १० आहे. ४६२५ बघितलं. पानं संपत नाहीयेत स्क्रोल करून. पोर्ट काढला राउटरमधून आत्ता लगेच, फायरवॉल पण चालू केला. पुढे काय करू?

रत्नागिरी_नेटवर्क

छान केलंत. आता पासवर्ड बदला सगळ्या युजरचे, आणि ४६२४ च्या नोंदी बघा, त्या यशस्वी लॉगिनच्या असतात, त्यात लॉगऑन टाइप १० म्हणजे रिमोटने आत आलेला माणूस. तुमच्या ओळखीचे नसलेले आयपी त्यात असतील तर त्या पीसीवर नेटबँकिंग करू नका, फॉरमॅटच मारा. नसतील तर वाचलात. कंट्रोल पॅनलमध्ये नवीन युजर कोणी तयार केलाय का तेही बघा. १० चा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्याचं बघायला लागेल.

कणकवली_हिशोब

रत्नागिरीदादा तुम्ही म्हणालात अगदी तस्संच निघालं. आज युनिटवर गेलेले. फायरवॉल चालू केला, रिमोट डेस्कटॉपसमोर फक्त प्रायव्हेटला टिक होती आणि सिम राउटरचं नेटवर्क पब्लिक होतं. प्रायव्हेट केलं, फायरवॉल चालू असताना लॅपटॉपवरून पहिल्या फटक्यात लागलं. पिंग अजून पण जात नाही पण आता त्याची चिंता नाही. वायफायचा पासवर्ड मात्र खरंच सगळ्यांकडे होता, टेम्पोवाल्यांपासून काजू फोडणाऱ्या बायकांच्या पोरांपर्यंत, तो बदलला, पोरं नाराज झाली.

राउटरवर वॅन आयपी १००.८० ने सुरू होणारा आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तेच, सीजीनॅट. आणि पूर्वी फायबरला जे लागायचं ते पोर्ट ३३८९ थेट उघडा ठेवूनच लागायचं हे आता कळलं, पक्यांसारखंच. ४६२५ च्या जुन्या नोंदी आमच्याकडे पण आहेत पण १० टाइपच्या सगळ्या माझ्याच आहेत, एकेक आयपी बघितला.

आता घरून कसं करू?

दापोलीकर

मी मधेच बोलतो. कशाला एवढं, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर किंवा गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप टाका. फायरवॉलला हात लावायला लागत नाही, सीजीनॅट असू दे नाहीतर काय पण. कारण ही सॉफ्टवेअरं आतून बाहेर जातात, पीसीच त्यांच्या सर्व्हरला कनेक्शन लावून बसतो आणि तुम्ही घरून त्याच सर्व्हरला लावता, मध्ये जोडणी होते. विंडोजचा फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला मुळात अडवत नाही, आत येणाऱ्यालाच अडवतो. एनीडेस्क ८०, ४४३ आणि ६५६८ वापरतं, टीमव्ह्यूअर ५९३८, ते बंद असेल तर ४४३. ४४३ म्हणजे साध्या वेबसाइटचाच पोर्ट, तो कोण बंद ठेवणार. पहिल्यांदा चालू करताना फायरवॉलची खिडकी येते परवानगी द्या म्हणून, ती नाकारली तरी सर्व्हरमार्फत चालतं, जरा हळू चालतं एवढंच.

आरडीपी आणि ह्यांच्यात एक मोठा फरक आहे तो कोणी सांगितला नाही. तुम्ही आरडीपीने शिरलात की देवगडला पीसीसमोर बसलेल्या मुलाची स्क्रीन लॉक होते, विंडोज प्रो मध्ये एका वेळी एकच माणूस. तो बिल बनवत असेल आणि तुम्ही शिरलात तर तो बाहेर. एनीडेस्कमध्ये दोघांना एकच स्क्रीन दिसते, त्याला फोनवर सांगता येतं की बाबा हे खातं चुकलंय, हे असं कर. शिकवायला चांगलं. स्वतः बसून तासभर एंट्र्या मारायच्या असतील तर आरडीपी बरं, टायपिंगला अडकत नाही, प्रिंट घरच्या प्रिंटरवर काढता येते.

गुहागर_होमस्टे

दापोलीकर तुमचं बरोबर पण एनीडेस्कचं नाव घेतलंत म्हणून सांगते. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना सीझनमध्ये फोन आला, बुकिंगचं रिफंड अडकलंय, मोबाइलवर हे अ‍ॅप टाका आणि नऊ आकडी नंबर सांगा. सांगितला. पुढचं तुम्हाला माहीतच असेल. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलेलं, तरी अजून लोक फसतात कारण अ‍ॅप खरंच चांगलं आणि खरं आहे, खोटा फोन करणारा असतो. असं कोणाबरोबर झालं तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे मध्येच थांबवता येण्याची शक्यता जास्त. कृपया युनिटवरच्या मुलाला नीट समजावून ठेवा की हे सॉफ्टवेअर पीसीवर आहे पण नंबर फोनवर कोणालाही द्यायचा नाही, बँकेचं नाव सांगितलं तरी नाही.

आणि माझा पण एक प्रश्न. माझ्याकडे विंडोज ११ होम आहे, त्यात रिमोट डेस्कटॉप चालू करायचं बटणच सापडत नाही, सगळीकडे शोधलं. फायरवॉल अडवतोय का?

दापोलीकर

नाही ताई, फायरवॉलचा दोष नाही. होममध्ये ती सोयच नसते, होमवरून दुसऱ्या पीसीत जाता येतं पण होममध्ये दुसरा कोणी येऊ शकत नाही. प्रो पाहिजे. नाहीतर क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरा, ते होमवर चालतं. काही लोक नेटवरून एक फाइल टाकून होममध्ये आरडीपी चालू करतात, तसलं काही टाकू नका, विंडोज अपडेट आला की मोडतं आणि फाइल कोणी बनवली त्याचा पत्ता नसतो.

१९३० चं सांगितलंत ते बरं केलंत. एनीडेस्क वापरणाऱ्यांनी अजून एक, कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती असं त्यांनीच २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं आणि पासवर्ड बदलायला सांगितले, त्यामुळे जुनी कॉपी कोणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका, त्यांच्या साइटवरूनच नवीन घ्या. एकट्या पडलेल्या पीसीसाठी पासवर्ड ठेवणार असाल तर टू फॅक्टर (पासवर्डबरोबर दुसरा कोड) लावा आणि यादीत फक्त आपला नंबर अलाउ करा. धंद्यासाठी फुकट वापर चालत नाही हे पण लक्षात असू द्या, थोड्या दिवसांनी तो स्वतःच तोडायला लागतो.

मालवणी_माणूस

मंडळीनू, आयपीव्ही६ चो विचार कोणीच करूक नाय, म्हणान मी मध्ये पडतंय.

ताई तुम्ही सीजीनॅट ऐकून निर्धास्त होऊ नका. सीजीनॅट हे जुन्या आयपीव्ही४ चं (आयपी पत्त्यांची जुनी पद्धत) प्रकरण. सिमवर आजकाल आयपीव्ही६ (नवीन पद्धत) पण मिळतो आणि त्यात प्रत्येक मशीनला स्वतःचा जगभर चालणारा पत्ता मिळू शकतो, मध्ये कुठे नॅट (एक पत्ता अनेकांनी वाटून घेणं) नाही. कंपनीने किंवा राउटरने ते आत येणारं अडवलं तर ठीक, पण स्वस्तातल्या सिम राउटरमध्ये तो भाग कसा लिहिलाय ते आपल्याला दिसत नाही. अशा वेळी पीसीसमोर शेवटचा दरवाजा उरतो तो विंडोजचा फायरवॉल, आणि तुमचा टेक्निशियन नेमका तोच उघडा टाकून गेलेला. मी त्या माणसाला वाईट म्हणत नाही, त्याला कॅमेरे लावायचे असतात, काम झालं दाखवायचं असतं, पण फायरवॉल ऑफ करणं हे फक्त तपासण्यापुरतं करायचं, दोन मिनिटं, इंटरनेटची वायर काढून, आणि कारण कळलं की परत चालू. ऑफ केल्यावर लागलं म्हणजे उपाय सापडला असं नाही, कुठे बघायचं तेवढं कळलं.

कॅमेऱ्यांवरून आठवलं. तो डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) पण त्याच वायफायवर आहे ना? त्याचा पासवर्ड पेटीवर छापलेला तोच असेल. डीव्हीआर कोणी घेतला ताब्यात तर तो आतूनच पीसीकडे बघतो, आणि तुम्ही आता नेटवर्क प्रायव्हेट केलंय. म्हणून रिमोट डेस्कटॉपचा नियम सगळ्या वायफायला मोकळा ठेवू नका, फक्त तुमच्या लॅपटॉपला ठेवा. ते कसं ते रत्नागिरीवाले सांगतीलच, माझं टायपिंग हळू.

रत्नागिरी_नेटवर्क

मालवणी भाऊंनी लाखातलं सांगितलं, आयपीव्ही६ राहूनच गेलेलं.

तर ताई तुमच्यासाठी माझं मत असं. एंट्र्या तुम्ही स्वतः मारता, म्हणजे आरडीपीच पाहिजे, पण ते उघड्या इंटरनेटवर नाही, व्हीपीएनच्या (फक्त आपल्या मशीनांमधला खाजगी रस्ता) आतून. सीजीनॅटच्या मागे साधं व्हीपीएन सर्व्हर चालत नाही कारण त्याला पण बाहेरून कोणीतरी आत यायला लागतं, म्हणून टेलस्केलसारखं काहीतरी घ्या. ते आतमध्ये वायरगार्ड (व्हीपीएनचीच एक पद्धत) वापरतं आणि दोन्ही मशीनं आतून बाहेर जाऊन एकमेकांना शोधतात, थेट जमलं तर थेट, नाही जमलं तर त्यांच्या रिले सर्व्हरमधून ४४३ वर, रिलेला पण डेटा वाचता येत नाही कारण चावी दोन मशीनांकडेच. पोर्ट फॉरवर्ड नाही, फायरवॉल बंद नाही. पीसीवर टाका, लॅपटॉपवर टाका, एकाच खात्याने लॉगिन करा, त्या खात्याला टू फॅक्टर लावा. दोघांना १०० ने सुरू होणारा एकेक आयपी मिळेल. (हा पण त्याच १००.६४ च्या पट्ट्यातला असतो, राउटरचा वॅन आयपी बघून गोंधळू नका, दोन वेगळे.) रिमोट डेस्कटॉपमध्ये पीसीचा तो नवीन आयपी टाकायचा. बस.

आता फायरवॉलमध्ये नियम आवळायचा. विंडोज आणि आर दाबून डब्ल्यूएफ डॉट एमएससी लिहा, इनबाउंड रूल्स मध्ये रिमोट डेस्कटॉप यूजर मोड नावाचे दोन नियम असतात, एक टीसीपी एक यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती), दोन्ही ३३८९ चेच. यूडीपीमुळे सिमच्या नेटवर स्क्रीन कमी अडकते त्यामुळे तो काढून टाकू नका. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये स्कोप म्हणून टॅब आहे, तिथे खाली रिमोट आयपी मध्ये तुमच्या लॅपटॉपचा टेलस्केलवाला आयपी तेवढा लिहा. मग डीव्हीआर असो नाहीतर टेम्पोवाल्याचा फोन, त्या वायफायवरून ३३८९ कोणालाच मिळणार नाही. आणि तुम्ही युनिटवर गेलात तरी टेलस्केलच्याच आयपीने लावायचं, मग आयपी बदलला, राउटर बदलला, तरी तुमचा शॉर्टकट तोच राहतो.

लॉगिनचं पण सांगून ठेवतो कारण हे झाल्यावर लोक तिथे अडकतात आणि परत फायरवॉलला शिव्या देतात. पीसीसमोर बसून चार आकडी पिन टाकता ती इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर यूजरनेममध्ये ईमेल. पासवर्डच नसलेला यूजर विंडोज रिमोटने आत घेतच नाही. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन असं एक टिक असतं ते काढू नका, त्यामुळे पासवर्ड बरोबर आल्याशिवाय समोरचा पीसी लॉगिनची स्क्रीन पण उघडत नाही. तुमच्यासाठी टॅलीपुरता वेगळा साधा यूजर करून घ्या, अ‍ॅडमिनने रोज शिरायची गरज नाही.

कणकवली_हिशोब

झालं!! काल युनिटवरच्या मुलाला फोनवर धरून सगळं करून घेतलं, रात्री जेवण झाल्यावर घरी बसून टॅली उघडलं आणि मार्च अखेरच्या राहिलेल्या सगळ्या एंट्र्या टाकल्या. फायरवॉल चालू, स्कोपमध्ये फक्त माझा लॅपटॉप. त्या मुलाच्या मोबाइलवर रिमोट डेस्कटॉपचं अ‍ॅप टाकून बघायला सांगितलं, वायफायवरून त्याला लागत नाही, म्हणजे नियम काम करतोय. दुपारी तो बसलेला असतो तेव्हा मी शिरत नाही असं ठरवलंय, आणि त्याला काही दाखवायचं असेल तेव्हा क्रोमवालं.

पण आज सकाळी परत लागेना. मुलगा म्हणतो पहाटे लाइट गेलेली, आल्यावर त्याने पीसी चालू केला पण लॉगिन न करता तसाच ठेवला. त्याने लॉगिन केल्यावर टेलस्केल आलं. रविवारी तिथे कोणीच नसतं, तेव्हा काय करायचं?

मालवणी_माणूस

आपल्याकडे पावसात लाइट जाणारच, त्यामुळे हे आताच करून घ्या. टास्कबारवर टेलस्केलचं चिन्ह आहे त्याच्या प्रेफरन्सेस मध्ये रन अनअटेंडेड असं आहे ते चालू करा, मग कोणी लॉगिन केलं नाही तरी ते चालू राहतं. पीसीच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंग) जाऊन लाइट आल्यावर आपोआप चालू हो अशी सेटिंग असते, एसी पॉवर लॉस किंवा तसल्याच नावाने, ती ऑन करा. स्लीप बंद करा, स्क्रीन बंद झाली तर चालेल पण पीसी झोपता कामा नये. आणि राउटर पण यूपीएसवर घ्या, नुसता पीसी यूपीएसवर ठेवून लोक राउटर विसरतात.

रत्नागिरी_नेटवर्क

त्यात एक जोडा. टेलस्केलची चावी साधारण १८० दिवसांनी संपते आणि परत लॉगिन मागते. तुम्ही आता सीझनमध्ये लावलंत म्हणजे ती दिवाळीच्या आसपास कधीतरी संपेल, नेमकं कोणी तिथे नसताना. त्यांच्या वेबसाइटवर अ‍ॅडमिनच्या पानावर देवगडच्या पीसीसमोर तीन टिंबं आहेत, त्यात डिसेबल की एक्स्पायरी. फक्त त्या पीसीला करा, लॅपटॉपला नको, लॅपटॉप फिरता असतो, कुठे हरवला तर त्याची चावी संपलेलीच बरी. हरवलाच तर त्याच पानावरून तो काढून टाकायचा, मग नवीन लॅपटॉपचा आयपी स्कोपमध्ये बदलायला एकदा युनिटवर जायला लागेल.

कणकवली_हिशोब

अनअटेंडेड केलं, एक्स्पायरी बंद केली. बायोस शनिवारी जाऊन करते, तेव्हाच डीव्हीआरचा पासवर्ड पण बदलते, पेटीवरचाच आहे, विचारलं मी. फायबरवाले परत आले तर जुनं पोर्ट फॉरवर्ड त्या राउटरमध्ये अजून असेल ना? ते काढायला सांगू का?

रत्नागिरी_नेटवर्क

हो, तो राउटर इंटरनेटला जोडायच्या आधीच काढा. पानावर व्हर्च्युअल सर्व्हर किंवा पोर्ट फॉरवर्डिंग असं लिहिलेलं असेल, त्यात ३३८९ ची ओळ डिलीट. यूपीएनपी (आतली यंत्रं आपणहून पोर्ट उघडून घेतात ती सोय) चालू असेल तर ते पण बंद करा. आणि फायबर लागलं की विंडोजला ते परत वेगळं नेटवर्क वाटेल, म्हणजे प्रायव्हेट की पब्लिक ते पुन्हा एकदा बघून घ्या.